वधूपित्याला फोटोत येऊ द्या

पुण्यातल्या मंगल कार्यालयांचे, लॉन्सचे आणि बँक्वेट हॉलचे मालक, चालक व व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

मी पुण्यात लग्नाचे फोटो काढते. कर्वे रस्त्यापासून हडपसरपर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारातून कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन आत आलेली आहे. तुमचे वॉचमन मला चेहऱ्याने ओळखतात, आचारी आवाजाने. "ताई, फोटोग्राफर अजून आले नाहीत का?" असं मलाच विचारणारे मॅनेजर आता कमी झालेत, संपलेले नाहीत.

स्टेजवर पाहुण्यांची रांग लावून फोटो काढणं हा माझ्या कामाचा छोटा भाग. मुख्य काम त्या दोघांची गोष्ट सांगण्याचं. लग्नाआधी मी नवरा-नवरीबरोबर निवांत बसते. कुठे भेटलात, घरात आधी कुणाला सांगितलं, कोण रुसलं, कोणत्या मावशीने मधे पडून जमवून आणलं, कोणत्या आजोबांना यायचंय पण डॉक्टर नको म्हणतात, हे सगळं विचारून घेते. लग्नाच्या दिवशी माझी नजर कुणावर असायला हवी ते त्यावरून ठरतं. मग आम्ही सगळे तुमच्या कार्यालयात येतो, आणि त्या गोष्टीतलं काय उरेल हे तुमचं वेळापत्रक आणि तुमचे दिवे ठरवतात.

अशा पत्रात "हा तक्रारीचा सूर नाही" असं लिहिण्याची पद्धत आहे. मी ती पाळत नाही. तक्रारच आहे.

सगळ्यात मोठी आधी. पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील तुमच्या ऑफिसात असतात.

शेवटची पंगत उठायला लागली की तुमचा माणूस येतो आणि वधूपित्याच्या कानाशी लागतो. "काका, जरा हिशेब बघून घेता का?" काका उपरणं सावरत जिन्याखालच्या त्या खोलीत जातात. ताटं किती लागली, ठरल्यापेक्षा किती वाढली, जनरेटर किती वेळ चालला, दोन वाट्या कमी भरल्या त्याचे किती, डिपॉझिटमधून काय वळतं करायचं. तिकडे झालीची, म्हणजे मुलगी सासरच्यांच्या हाती सोपवण्याच्या विधीची, तयारी झालेली असते. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लागलेले असतात आणि गुरुजी माइकवरून "मुलीचे वडील, मुलीचे वडील" असा पुकारा करत असतात. काका धावत येतात, हात जोडतात, विधी उरकतात आणि राहिलेली सही करायला पुन्हा जिन्याखाली जातात. हे मी एखाद्या कार्यालयात पाहिलेलं नाही, बहुतेक कार्यालयांत पाहिलेलं आहे.

एका लग्नात मुलीला तिच्या वडिलांनी एकट्याने वाढवलेलं होतं. तिची आई ती लहान असताना गेली. शाळेत वेण्या घालून जावं लागे, म्हणून हे गृहस्थ शेजारच्या काकूंकडे रोज सकाळी बसून वेणी घालायला शिकले. मुलीने हे सांगितलं तेव्हा तिचा होणारा नवरा पहिल्यांदाच ऐकत होता. पाठवणीला माझा कॅमेरा त्यांच्यावरच राहणार हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. प्रत्यक्षात पाठवणीला ते जागेवर नव्हते. सजवलेली गाडी दारात, मुलगी गाडीच्या दाराला धरून उभी, "बाबा आले की निघू" म्हणत. मागे दुसऱ्या पार्टीचा टेम्पो फुलं उतरवायला थांबलेला, त्यामुळे तुमचा वॉचमन गाडी पुढे घ्या म्हणून हात करत होता. शेवटी ते आले. मुलीला जवळ घेतलं. तो फोटो माझ्याकडे आहे आणि चांगला आलाय. त्यात तिच्या शालूच्या पाठीवर त्यांची मूठ आहे आणि मुठीत तुमची पिवळी पावती, शिक्क्यासकट. कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. फोटोत ते वाचता येतं.

तुमची बाजू मला कळते. पैसे न देता निघून जाणारी मंडळी असतात, दुसऱ्या दिवशी फोन न उचलणारी असतात, आणि आचाऱ्याला, वाढप्यांना तुम्हाला त्याच संध्याकाळी द्यावे लागतात. पण डिपॉझिट तुमच्याकडे असतंच. बुकिंगच्या फॉर्मवर तुम्ही वराचं गोत्रसुद्धा लिहून घेता; तिथेच एक ओळ वाढवा, हिशेब कोण करणार, नाव आणि मोबाइल नंबर. खाली बारीक अक्षरात छापा की वधूचे आई-वडील चालणार नाहीत. प्रत्येक घरात एक हिशेबी काका असतातच, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना हे काम मिळालं तर उलट आनंद होईल. एरवी ते दिवसभर "व्यवस्था ठीक आहे" एवढंच म्हणत फिरत असतात.

आता दिव्यांकडे वळते.

गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या बहुतेकांनी स्टेजच्या दोन्ही अंगांना एलईडी पार, म्हणजे रंगीत झोताचे दिवे, लावलेत. जांभळा, गुलाबी, निळा, आपोआप बदलणारा. मोबाइलवरच्या रीलमध्ये ते झगमगतं, म्हणून पार्टीही खूश असते. पण हळदीला तुम्ही निळा दिवा लावता तेव्हा काय होतं ते सांगते. हळद पिवळी दिसते, कारण ती निळा उजेड शोषून घेते आणि लाल-हिरवा परत पाठवते. वरून पडणाऱ्या उजेडात लाल-हिरवं नसेलच, तर ती परत पाठवणार काय? हळदीने माखलेला गाल फोटोत काळपट, मळकट येतो, चिखल फासल्यासारखा. मग मुलीची आई मला म्हणते, "एडिटिंगमध्ये नीट करा हं." जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो एडिटिंगमध्ये आणायचा कुठून? फार तर फोटो कृष्णधवल करता येतो. हळदीचा कृष्णधवल फोटो कोणती आई घेईल?

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: साध्या पिवळ्या दिव्याचा साधारण २७०० ते ३२००, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. दोन्हींशी कॅमेरा जुळवून घेतो, फक्त दोन्ही एकाच चेहऱ्यावर एकदम टाकू नका. त्यात स्वस्तातल्या एलईडीची आणखी एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं की माझंही निभावतं. पण अंतरपाट दूर होतो, अक्षता हवेत असतात, नवरीची मान वर येते, तो क्षण धरायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहूनही वेगवान ठेवावं लागतं, आणि मग नवरा-नवरीच्या अंगावरून काळे आडवे पट्टे जातात. अख्ख्या दिवसात ज्या क्षणासाठी मुहूर्त बघितलेला असतो नेमका तो पट्ट्यांचा. लेझर तर कृपा करून बंदच करा. तो किरण थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो. त्याची किंमत सांगितली तर तुम्ही मला चहा पाजाल.

मी काही स्टेजवर समई लावा म्हणत नाही. संगीत असेल, रिसेप्शन असेल, तेव्हा हवे ते रंग उधळा. फक्त अंतरपाट धरल्यापासून माळा घालून होईपर्यंत रंगीत दिवे बंद ठेवा आणि साधे, एकाच रंगाचे, उबदार पांढरे दिवे चालू ठेवा. आणि खिडक्यांवरचे फ्लेक्स काढा. पेठांमधल्या काही जुन्या कार्यालयांत उंच खिडक्या आहेत, मधे चौक आहे, वर सज्जा आहे. तिथे सकाळचा मुहूर्त असला की मला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. सज्जात उभं राहिलं की खाली मधोमध अंतरपाटाची पांढरी रेघ, एका बाजूला नवरीमागे तिचा मामा, दुसऱ्या बाजूला नवऱ्यामागे त्याचा, आणि भोवती मुठीत अक्षता धरलेली माणसं. नव्या वातानुकूलित हॉलमध्ये ही जागाच नसते. असलीच तर तिथे तुम्ही स्पीकर ठेवलेला असतो.

लॉन्सवाल्यांचं थोडं वेगळं आहे. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डी.पी. रस्त्यावर नदीच्या बाजूला लॉन्सची रांगच आहे, आणि गोरज मुहूर्ताचा उजेड मला कुठलाही दिवा देऊ शकणार नाही इतका देखणा असतो. तो वाया जातो भाषणांत. मुहूर्त साडेसहाचा, आणि निवेदक माइकवर येणाऱ्या प्रत्येक मान्यवराचं स्वागत करतोय, सत्कार होतायत, शुभाशीर्वाद चाललेत. अक्षता पडेपर्यंत काळोख. मान्यवरांना कुणी बोलवायचं हे तुमच्या हातात नाही, मला माहीत आहे. पण माइक तुमचा आहे.

अक्षतांनंतर काय होतं, यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण माझ्या कामातला सगळ्यात चांगला भाग तिथे आहे आणि तुमच्या कामातला सगळ्यात घाईचा. पाहुण्यांच्या आणि तुमच्या दृष्टीने अक्षता पडल्या की लग्न लागलं. गर्दी जेवणाकडे वळते आणि तुमची मुलं खुर्च्या दुमडायला सुरुवात करतात. आता हिंदू विवाह कायदा बघा, १९५५ चा, कलम ७. ज्या पद्धतीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो आणि बंधनकारक ठरतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात बजावलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणी-खाणंपिणं नव्हे असंही सुनावलं. म्हणजे कायद्याने लग्न लागतं त्या मिनिटाला तुमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींत आदळत असतात आणि शेजारून "मठ्ठा, मठ्ठा" असा आवाज येत असतो. व्हिडिओवाल्याला मंत्र ऐकू येत नाहीत. गुरुजीही बिचारे आवाज चढवून बोलतात.

आणि इथेच तर सगळं घडतं. मंचावरचा दिखावा संपलेला, नवरीने मानेवरचे भरगच्च हार उतरवलेले, जवळची दहा-पंधरा माणसंच होमाभोवती बसलेली. लाजाहोमाला भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो. वर्षभर तिच्याशी धड न बोललेला भाऊसुद्धा तेव्हा खाली बघत घालतो, एकही लाही सांडू न देता. मग तोच उठून नवऱ्याचा कान पिळतो, जरा जास्तच जोरात, आणि सगळे हसतात. तांदळाच्या सात पुंजांवरून पावलं टाकताना ती नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटते, आणि गुरुजी मंत्र मधेच थांबवून हसू आवरतात. काय पुटपुटली हे मी नंतर विचारते. कधी सांगतात, कधी नाही. अल्बम हाती आला की घरातली माणसं याच पानावर रेंगाळतात. मागे मात्र जवळजवळ प्रत्येक फोटोत तुमच्या खुर्च्यांचा मनोरा आहे, आणि त्यावर चढलेला एक मुलगा.

अर्धा तास द्या. खुर्च्या होमापासून लांबच्या बाजूने उचलायला घ्या, जवळच्या शेवटी. दुसरी पार्टी चारला येणार असेल तर दोन पार्ट्यांमध्ये तेवढी जागा ठेवा. भाडं त्यानुसार थोडं वाढवलंत तरी लोक देतील. रंगीत धुराला देतात, त्यापेक्षा हे बरं.

स्टेजची उंची हा आणखी एक विषय. तीन-चार फूट उंच, चढायला दोन अरुंद पायऱ्या, कठडा नाही. एका नवरीची आजी व्हीलचेअरवर होती. तिला चौघांनी उचलून वर न्यायचं ठरलं तेव्हा आजीने हात जोडून "नको, मला सामानासारखं उचलू नका" असं स्वच्छ सांगितलं. मग नवरा-नवरीच शालू-शेल्याची गाठ सांभाळत खाली उतरले आणि तिच्या पायाशी बसले. फोटो सुंदर आला, पण तो तुमच्यामुळे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे, आणि सर्वांसाठी खुल्या जागा त्यांना वावरता येतील अशा असाव्यात, हे त्यात आहे. लाकडी उतार बनवायला एक सुतार आणि एक दिवस लागतो. "रुखवताच्या वस्तूंना हात लावू नये" ही पाटी तुम्ही लावताच. उताराची पाटी शेजारी शोभेल.

पॅकेजबद्दल एकच प्रसंग. एका जोडप्याला सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे पुरोहिताशिवाय, लग्न करायचं होतं. पुण्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला तो इथेच, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह झाला. तरी या दोघांना सांगण्यात आलं की पॅकेजमध्ये गुरुजी आहेत, वगळले तरी पैसे कमी होणार नाहीत. ठीक, त्यांनी भरले. नवरीची आत्या जोतीरावांची मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिली, कागद हातात, आवाज कापतोय. तिने पहिली ओळ उचलली आणि तुमच्या माणसाने सवयीने बटण दाबलं: सनई, आणि पाठोपाठ रेकॉर्ड केलेलं "शुभमंगल सावधान". नवऱ्याने दोन्ही हात वर करून "बंद करा, बंद करा" म्हटलं. तो हात वर केलेला नवरा त्यांच्या घरच्या भिंतीवर लागलाय, दोघांनाही तो फार आवडतो. आत्यांनी मात्र कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तो पुन्हा उघडला नाही. त्यांचा आवाज माझ्या व्हिडिओवाल्याकडे पहिल्या ओळीपुरताच आहे. तेव्हा बुकिंगच्या वेळी लग्न कोणत्या पद्धतीचं आहे हे विचारा, आणि साउंडवाल्याला तसं लिहून द्या.

बाहेरून आणलेल्या फोटोग्राफरची रॉयल्टी म्हणून तुमच्यातले काही जण जे आकारतात, त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहायला बसले तर भाषा बिघडेल. ती रक्कम मी भरत नाही, मुलीचे वडील भरतात, एवढं लक्षात असू द्या. आणि "ड्रोन उडवा की, बाकीचे उडवतात, कोण बघतंय" असं मला सांगू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, २०२१ च्या ड्रोन नियमांत कुठे उडवता येतं आणि कुठे परवानगी लागते हे ठरवून दिलेलं आहे. परवानगी नसेल तर उडवणार नाही. वरून दिसणाऱ्या तुमच्या लॉनचा फोटो तुमच्या जाहिरातीला हवा असतो, त्या जोडप्याला नाही.

फोटोग्राफर काही धुतल्या तांदळाचे नाहीत. ऐन मंगलाष्टकांत नवरा-नवरीपुढे भिंतीसारखे उभे राहणारे, गुरुजींना "परत एकदा माळ घालायला सांगा" म्हणणारे आमच्यात आहेत. त्यांना तुम्ही खुशाल बाजूला करा. अंतरपाटापासून दोन हात अंतरावर जमिनीवर एक रेघ मारून द्या, फोटो-व्हिडिओवाले तिच्या अलीकडे. मी पहिली त्या रेघेमागे उभी राहीन.

पितृपक्षात तुमचे हॉल रिकामेच असतात. एखाद्या दुपारी मला बोलवा. सगळे दिवे एकेक करून लावू, मधे कुणालातरी हळद लावून बसवू, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काय दिसतं ते तुम्हीच बघा. कोणते ठेवायचे, कोणते काढायचे हे तासाभरात ठरेल. याचे पैसे मी घेणार नाही. चहा तुमचा. एक्स्टेन्शन बोर्ड मी आणीन, कारण स्टेजजवळचा तुमचा प्लग चालत नाही.

कळावे,

लग्नाचे फोटो काढणारी एक पुणेकर